देवळालीचा ताप आणि खाटकाचा आकडा

नाशिकजवळचे देवळाली आपल्याला तोफखान्याच्या शाळेमुळे आणि तिथल्या कोरड्या, प्रकृतीला मानवणाऱ्या हवेमुळे ठाऊक असते. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी मात्र हे नाव शंभराहून अधिक वर्षे वेगळ्याच अर्थाने आहे, आणि ते उच्चारणाऱ्या बहुतेकांना आपण एका गावाचे नाव घेत आहोत याची कल्पनाही नसते. इंग्लंडमध्ये एखादा माणूस चक्रमासारखा वागू लागला, भलतेसलते बोलू लागला, की 'ही हॅज गॉन डुलॅली' असे म्हणतात. हे 'डुलॅली' म्हणजे आपले देवळाली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सरकारने तिथे लष्करी छावणी उभारली. हिंदुस्थानातल्या नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मुंबईला बोटीत चढण्याआधी या छावणीत आणून ठेवले जात. सैनिकांना नेणाऱ्या बोटी बारा महिने सुटत नसत; साधारणपणे पावसाळा सरल्यापासून उन्हाळा लागेपर्यंतच त्यांचा हंगाम असे. जो शिपाई हंगाम संपता संपता देवळालीत पोचे, त्याला पुढची बोट मिळेपर्यंत तिथेच दिवस काढावे लागत. करायला काम नाही, घर डोळ्यांसमोर दिसते आहे पण जाता येत नाही, वर उन्हाची काहिली, दारू आणि हिवताप. अशा स्थितीत माणसे विचित्र वागू लागत. या अवस्थेला शिपायांनी नाव दिले 'डुलॅली टॅप'. यातला 'टॅप' म्हणजे ताप, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. इंग्रज वाचकाला मात्र त्यासाठी शब्दकोश उघडावा लागतो. पुढे 'टॅप' गळून पडला आणि 'डुलॅली' तेवढे उरले. आज हा शब्द हलक्या थट्टेने वापरतात. चाव्या फ्रिजमध्ये ठेवून विसरणाऱ्या आजोबांबद्दल नातवंडे तो प्रेमाने वापरतील, पण खरोखरच्या मानसिक आजाराविषयी बोलताना सभ्य माणूस तो तोंडातून काढणार नाही.

पुण्यात परदेशी जाणाऱ्या किंवा परदेशी सहकाऱ्यांबरोबर काम करणाऱ्या प्रौढांना मी इंग्रजी संभाषण शिकवतो. व्याकरणाच्या शंका या मंडळींना फारशा नसतात, कारण शाळेने आणि महाविद्यालयाने त्यांचे व्याकरण पक्के करून घेतलेले असते. हिंजवडीतल्या किंवा खराडीतल्या कार्यालयात लंडनचा माणूस गप्पांच्या ओघात एखादे वाक्य बोलतो, त्यातला प्रत्येक शब्द ओळखीचा असतो आणि तरीही वाक्याचा अर्थ लागत नाही, ही त्यांची खरी अडचण असते. अशा वाक्प्रचारांच्या याद्या बाजारात भरपूर मिळतात, डाव्या बाजूला वाक्प्रचार आणि उजव्या बाजूला अर्थ. माझे ठाम मत असे आहे की या याद्यांचा उपयोग फार थोडा होतो. विनोदी स्लँगमध्ये, म्हणजे अनौपचारिक बोलण्यातल्या खास शब्दांत, अर्थ झाकण्याची एक युक्ती असते, आणि ती युक्ती कळल्यावाचून अर्थ ना नीट समजतो, ना लक्षात राहतो. उलट युक्ती एकदा उमगली की कधी न ऐकलेला प्रयोगही माणूस स्वतःच उकलू शकतो.

'पाहणे' या एकाच क्रियेचे उदाहरण घेऊ. 'लेट्स हॅव अ डेको' म्हणजे चला, एक नजर टाकू. हा डेको म्हणजे हिंदुस्थानातल्या छावण्यांमधून शिपायांनी उचललेले 'देखो'. 'टेक अ गँडर' याचाही अर्थ तोच. गँडर म्हणजे नर हंस, आणि मान लांब करून डोकावणाऱ्या माणसाचे चित्र त्या एका शब्दात उभे राहते. तिसरा प्रयोग 'हॅव अ बुचर्स' असा आहे. बुचर म्हणजे खाटीक हे सर्वांना ठाऊक असते, पण खाटकाचा पाहण्याशी संबंध काय, असा प्रश्न पडून विद्यार्थी इथे थांबतात. पहिल्या दोन प्रयोगांत थोड्या कल्पनाशक्तीने निभावते. तिसऱ्यासाठी लंडनच्या पूर्व भागातल्या कॉकनी लोकांची यमकांची बोली माहीत असावी लागते.

या बोलीची रीत अशी. जो शब्द बोलायचा आहे, त्याच्याशी यमक जुळणारा एक जोडशब्द शोधायचा. 'लुक' याच्याशी 'बुचर्स हुक' जुळतो. हा हुक म्हणजे खाटकाच्या दुकानातला मांस टांगण्याचा आकडा. येथवरची गोष्ट कोणालाही ओळखता येईल, म्हणून पुढची पायरी येते: यमक जुळवणारा शब्दच गाळून टाकायचा. 'हुक' गेला, 'बुचर्स' राहिला, आणि ज्या दुव्यावर सारा अर्थ उभा होता तो दुवाच ऐकणाऱ्याच्या कानावर पडत नाही. मी वर्गात ही रीत मराठीत करून दाखवतो. समजा, 'डोके' या शब्दासाठी आपण 'लाकडी खोके' असा जोडशब्द ठरवला आणि मग 'खोके' टाकून दिले, तर 'डोके चालव' याऐवजी 'जरा लाकडी चालव' असे म्हणता येईल. शेजारच्या माणसाला काहीच कळणार नाही आणि आपल्या मित्राला लगेच कळेल. कॉकनी माणूस नेमके हेच करतो. 'हेड' याच्याशी त्याने 'लोफ ऑफ ब्रेड' जुळवला, म्हणजे पावाची लादी, आणि त्यातून 'यूज युवर लोफ' तयार झाले. अर्थ तोच, डोके चालव.

एवढे समजले की पुढची उदाहरणे विद्यार्थी आपण होऊन सोडवू लागतात. 'टेलिंग पोर्कीज' म्हणजे थापा मारणे, कारण 'पोर्क पाइज' हे 'लाइज' याच्याशी जुळतात. 'डॉग अँड बोन' म्हणजे फोन, 'अ‍ॅपल्स अँड पेअर्स' म्हणजे 'स्टेअर्स', अर्थात जिना. 'चायना' म्हणजे मित्र, कारण 'चायना प्लेट' आणि 'मेट' यांचे यमक जुळते. माझे सर्वांत आवडते उदाहरण 'रूबी' हे आहे. ब्रिटनमध्ये भारतीय पद्धतीच्या खाणावळीत जेवायला जाण्याला 'गोइंग फॉर अ रूबी' म्हणतात. 1950 च्या दशकात बेलफास्टची रूबी मरी ही गायिका तिथे अतिशय लोकप्रिय होती. 1955 साली तर एकाच आठवड्यात तिची पाच गाणी पहिल्या वीसांत होती. 'मरी' आणि 'करी' यांचे यमक जुळले, मग 'मरी' गळाले, आणि आपल्याकडून गेलेल्या रश्शाला उत्तर आयर्लंडच्या गायिकेचे नाव मिळाले. हा इतिहास ठाऊक नसलेल्या माणसाला 'रूबी' म्हणजे माणिक यापलीकडे काय सुचणार?

ही बोली नेमकी कोणी सुरू केली याविषयी मतभेद आहेत. चोरांनी पोलिसांना चकवण्यासाठी केली असे सर्रास सांगितले जाते. जॉन कॅम्डन हॉटन यांनी 1859 साली लंडनच्या स्लँगचा कोश प्रसिद्ध केला, त्यात या बोलीची नोंद आहे, आणि ती तेव्हा फार तर दहा-पंधरा वर्षांची असावी असे ते सांगतात. त्यांनी तिचा संबंध रस्त्यावर गाणी आणि कहाण्यांचे कागद विकणाऱ्या फिरत्या लोकांशी जोडला आहे, आणि मला तो अधिक पटतो, कारण यमकावर ज्याचे पोट चालते त्यालाच असा खेळ सुचेल. त्याच कोशात फेरीवाल्यांची उलट्या अक्षरांची बोलीही नोंदलेली आहे. टारगट पोरासाठी ब्रिटनमध्ये 'यॉब' असा शब्द आहे. तो म्हणजे 'बॉय' उलटा लिहिलेला. ज्यांनी लहानपणी वाड्याच्या अंगणात 'च'ची भाषा बोलली असेल आणि 'मराठी' या शब्दाचे 'चराठीम' केले असेल, त्यांना या युक्तीचे नवल वाटणार नाही.

शिपायांनी नेलेल्या शब्दांपैकी आणखी एक सांगायला हवा. 'ब्लायटी' म्हणजे इंग्लंड, मायदेश. हा शब्द 'विलायती' याच्या 'बिलायती' या रूपावरून आला. पहिल्या महायुद्धात खंदकांतले सैनिक 'ब्लायटी वन' अशी एक जखम मागत असत. ती जिवावर बेतणारी नसावी, पण घरी पाठवण्याइतकी मोठी असावी. विनोद आहे, आणि त्याखाली केवढी भीती आहे. पुण्याचे नावही इंग्रजी थट्टेत शिरले. निवृत्त होऊन मायदेशी गेलेला आणि जुन्या आठवणी उगाळत बसणारा कर्नल रंगवायचा असला की त्याच्या तोंडी 'व्हेन आय वॉज इन पूना' हे शब्द घालण्याची तिथे प्रथाच पडली होती.

याहून जुना एक धागा आहे आणि तो मला विशेष मोलाचा वाटतो. 'पॅल' म्हणजे दोस्त, हा शब्द सतराव्या शतकात इंग्रजीत आला तो रोमानी भाषेतून. रोमानी ही युरोपात भटके जीवन जगलेल्या रोमा लोकांची भाषा; तिचे मूळ भारतात आहे आणि ती मराठी-हिंदीच्याच कुळातली आहे. तिच्यातल्या 'फ्राल' या शब्दाचा अर्थ भाऊ, आणि त्याचे मूळ संस्कृत 'भ्रातृ'. पुण्यात अनोळखी रिक्षाचालकालाही आपण 'भाऊ' म्हणतो आणि लंडनचा माणूस मित्राला 'पॅल' म्हणतो. दोघांच्या तोंडी एकाच शब्दाचे वंशज आहेत. दुसरा शब्द 'चॅव'. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो ब्रिटनमध्ये फार बोकाळला. नामांकित कंपन्यांचे खेळाचे कपडे घालून उनाडपणे हिंडणाऱ्या श्रमिक वस्त्यांतल्या तरुणांना हिणवण्यासाठी तो वापरतात. बहुतेक अभ्यासक त्याचे मूळ रोमानीतल्या मुलगा या अर्थाच्या शब्दात शोधतात, आणि तो रोमानी शब्द व आपला 'छावा' हे एकाच प्राकृत शब्दापासून आले आहेत. मराठीत छावा म्हणताना छाती भरून येते. तिकडे त्याच्या भावंडाचा उपयोग गरिबाला कमी लेखण्यासाठी होतो, म्हणून 'चॅव' हा शब्द समजून घ्यावा पण वापरू नये, असे मी विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगतो.

शब्दांची मुळे शोधू लागले की रचलेल्या कहाण्यांपासून सावध राहावे लागते, आणि स्लँगच्या बाबतीत तर या कहाण्या मुळापेक्षा अधिक पसरलेल्या असतात. 'पॉश' या शब्दाची गोष्ट पुण्यातही अनेकांनी ऐकलेली असते. इंग्लंडहून हिंदुस्थानला येताना बोटीची डावी बाजू आणि परतताना उजवी बाजू सावलीत राही, म्हणून श्रीमंत उतारू त्या बाजूच्या खोल्या घेत आणि तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' याची आद्याक्षरे छापली जात, अशी ती गोष्ट. ऐकायला ती इतकी नेटकी आहे की खोटी म्हणायला जीवावर येते. परंतु अशी अक्षरे छापलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही. 'पॉश' हा शब्द जुन्या स्लँगमध्ये आधी किरकोळ नाण्यासाठी आणि नंतर छानछोकी करणाऱ्या माणसासाठी वापरात होता, आणि आजचा अर्थ तिथूनच आला असण्याचा संभव अधिक आहे. लंडनमध्ये पाचशे पौंडांना 'मंकी' म्हणतात. हिंदुस्थानातल्या पाचशेच्या नोटेवर माकडाचे चित्र होते म्हणून, असे त्याचे कारण मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. त्यालाही आधार नाही. आपल्याकडे लाखाला 'पेटी' आणि कोटीला 'खोका' म्हणतात. त्या शब्दांमागे निदान पैसे भरण्याच्या वस्तू तरी दिसतात.

'बॉब्ज युवर अंकल' या प्रयोगावर माझ्याकडे सर्वाधिक प्रश्न येतात. एखादी कृती सांगून झाली की शेवटी हे शब्द जोडतात: हे बटण दाबा, पासवर्ड घाला, आणि बॉब्ज युवर अंकल! म्हणजे 'की झालेच काम'. शब्दशः अर्थ 'बॉब तुझा काका आहे' किंवा मामा आहे. इंग्रजीला काका आणि मामा यांत भेद करायचा नसतो. सांगितली जाणारी कथा मामाचीच आहे. ब्रिटनचे पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांचे पाळण्यातले नाव रॉबर्ट, म्हणजे लाडाने बॉब. त्यांनी 1887 साली आपला भाचा आर्थर बाल्फर याला आयर्लंडच्या कारभाराचे मोठे मंत्रिपद दिले, तेव्हा लोक म्हणू लागले की मामा बॉब असला की सगळे सोपे. कथेतले सगळे लोक खरे आहेत, नेमणूकही खरी आहे. अडचण एवढीच की हा प्रयोग छापील रूपात सापडतो तो 1920 च्या दशकात, म्हणजे नेमणुकीनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. इतकी बोचरी थट्टा त्या काळच्या वर्तमानपत्रांनी चाळीस वर्षे कागदावर आणली नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. अठराव्या शतकातल्या स्लँगमध्ये 'ऑल इज बॉब' म्हणजे सगळे सुरक्षित आहे असा प्रयोग होता. त्याचा धागा अधिक बळकट वाटतो. हे सारे मी सांगतो तेव्हा विद्यार्थ्यांना थोडी निराशा येते, कारण मामा-भाच्याची कथा सोडवत नाही. तरीही शब्दावर प्रेम असेल तर त्याच्याबद्दल खोटे सांगू नये असे मला वाटते.

रचलेल्या कहाण्यांच्या जंगलातून खरे मूळ कष्टाने शोधून काढल्याचे उत्तम उदाहरण 'ओके' हे आहे. या दोन अक्षरांसाठी ग्रीक, फ्रेंच, आफ्रिकी आणि मूळ अमेरिकी भाषांतली मुळे सुचवली गेली होती. अमेरिकी भाषाभ्यासक अ‍ॅलन वॉकर रीड यांनी जुनी वर्तमानपत्रे चाळून 1960 च्या दशकात दाखवून दिले की हा बोस्टनच्या पत्रकारांचा विनोद होता. 1838-39 च्या सुमारास तिथल्या पत्रांत मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरे लिहिण्याची टूम निघाली होती. 'ऑल राइट' हे 'ओल राइट' (oll wright) असे लिहायचे आणि त्याचे 'ओ. डब्ल्यू.' करायचे, तसेच 'ऑल करेक्ट' याचे 'ओल करेक्ट' (oll korrect), म्हणजे 'ओ. के.'. बोस्टन मॉर्निंग पोस्टच्या 23 मार्च 1839 च्या अंकात ते छापले गेले. बाकीची आद्याक्षरे टूम ओसरताच गेली. 'ओ. के.' मात्र तरले, कारण पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी त्यांच्या किंडरहुक या गावावरून 'ओल्ड किंडरहुक' असे नाव घेऊन ओ. के. क्लब काढले. व्हॅन ब्युरेन ती निवडणूक हरले. आज मंडईतला भाजीवाला आणि शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, दोघेही दिवसातून कितीतरी वेळा जो शब्द उच्चारतात तो मुळात हेतुपुरस्सर केलेल्या चुकीचा विनोद आहे, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

'काउच पोटॅटो' याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो: सोफ्यावर लोळून तासन्‌तास टीव्ही पाहणारा माणूस. बटाट्यासारखा गोल आणि सुस्त म्हणून, असा समज असतो. आकार इथे नंतर आला. आधी श्लेष होता. अमेरिकेत टीव्हीला तुच्छतेने 'बूब ट्यूब' म्हणत, म्हणून तो पाहणारा 'बूब ट्यूबर'. 'ट्यूबर' म्हणजे कंदही, आणि सर्वांना माहीत असलेला कंद बटाटा. 1976 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका मित्रमंडळींच्या टोळक्यात हा शब्द जन्मला आणि रॉबर्ट आर्मस्ट्राँग या व्यंगचित्रकाराने त्याचे चित्र काढून तो घरोघरी पोचवला. ब्रिटनमधल्या बटाटा उत्पादकांनी 2005 साली लंडनमध्ये पार्लमेंटसमोर या शब्दाविरुद्ध निदर्शनेही केली होती. बटाट्याची बदनामी होते, असे त्यांचे म्हणणे होते.

आतापर्यंतच्या युक्त्या शब्द झाकण्याच्या होत्या. ब्रिटिश बोलण्यात त्याहून अवघड एक युक्ती आहे, ती म्हणजे संकटच लहान करून सांगण्याची. 'इट्स ऑल गॉन अ बिट पेअर-शेप्ड' असे सहकाऱ्याने लिहिले, तर शब्दशः 'सगळ्याचा आकार थोडासा नासपतीसारखा झाला आहे' एवढाच अर्थ होतो. प्रत्यक्षात त्याला सांगायचे असते की काम पार बिघडले आहे. 'अ बिट', म्हणजे थोडेसे, हे दोन शब्द भारतीय कानांना फसवतात. त्यांनी कधीकधी अमेरिकी कानांनाही फसवले आहे. कोरियाच्या युद्धात, एप्रिल 1951 मध्ये, इम्जिन नदीकाठी ग्लॉस्टरशर रेजिमेंटची एक पलटण चिनी फौजेच्या कित्येक पट मोठ्या संख्येने वेढली गेली. ब्रिटिश ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी आपल्या वरच्या अमेरिकी सेनापतीला परिस्थिती कळवताना 'थिंग्ज आर अ बिट स्टिकी, सर' असे शब्द वापरल्याचे त्या लढाईच्या इतिहासात सांगितले जाते. दुसऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यातून 'आम्ही सर्वनाशाच्या काठावर आहोत' असा अर्थ घेतला असता. अमेरिकी सेनापतीने 'जरा कठीण आहे, पण निभावत आहे' असा घेतला. पलटणीला वेळेवर माघारीची आज्ञाही मिळाली नाही आणि पुरेशी मदतही पोचली नाही; तिच्यातले बहुतेक सैनिक मारले गेले किंवा कैद झाले. हे उदाहरण मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगतो, कारण स्लँगचा अर्थ बोलणाऱ्याच्या समाजाला बाजूला ठेवून लावता येत नाही, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. पुणेकराला हे समजायला खरे तर सोपे जावे. आपल्याकडे गाण्याची मैफल संपल्यावर जाणकार आजोबा 'वाईट नव्हते' एवढेच म्हणाले, तर ती केवढी मोठी दाद असते हे घरच्यांना बरोबर कळते.

मृत्यूविषयीचे प्रयोग थोडक्यात आटोपतो. 'किक द बकेट' म्हणजे मरणे, हे फ्रान्सिस ग्रोस यांच्या 1785 च्या कोशात नोंदलेले आहे. बकेट म्हणजे बादली असे सगळे समजतात. इंग्लंडच्या काही भागांतल्या बोलीत मात्र कापलेले डुक्कर टांगण्याच्या तुळईला बकेट म्हणत, आणि मूळ बहुधा तेच असावे. 'पुशिंग अप डेझीज', 'पॉप वन्स क्लॉग्ज', 'ब्राउन ब्रेड' हे सारे त्याच घरातले. शेवटचा 'डेड' याच्या यमकातून आलेला. आपल्याकडे 'गचकला', 'तिकीट फाटले', 'विकेट पडली' असे म्हणतात. अंत्यविधीला जमलेल्या नातेवाइकांसमोर यांतले काही उच्चारायचे नसते, हे जसे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही, तसेच ते इंग्रजीतही पाळायचे असते.

हा 'कोणासमोर' हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, कारण पुष्कळ निरागस दिसणाऱ्या शब्दांचे पूर्वज निरागस नाहीत. लहान मुले जीभ बाहेर काढून ओठांनी फुर्रर्र असा आवाज करतात, त्याला 'ब्लोइंग अ रास्पबेरी' म्हणतात. हे यमकाच्या बोलीतले 'रास्पबेरी टार्ट' आहे, आणि ते ज्या शब्दाशी जुळते तो शब्द अधोवायूचा आहे. तरीही आज तो प्रयोग आजीसुद्धा नातवासमोर करते. 'बर्क' म्हणजे वेडगळ, बावळट. ब्रिटिश टीव्हीवरच्या कौटुंबिक मालिकांतही तो बिनदिक्कत येतो. त्याचा उगम 'बर्कली हंट' या शिकारी मंडळींच्या नावात आहे, आणि ते नाव इंग्रजीतल्या अत्यंत अश्लील समजल्या जाणाऱ्या एका शब्दाशी जुळते. बोलणाऱ्यांना ते ठाऊक नसते. 'नॅकर्ड' म्हणजे थकून चूर झालेला. नॅकर म्हणजे म्हातारे, निरुपयोगी घोडे विकत घेऊन मारणारा. पण त्या शब्दाचा आणखी एक अवयववाचक ग्राम्य अर्थ असल्यामुळे वयस्कर इंग्रजांना तो अजूनही थोडा खटकतो. मराठीत 'आयला' म्हणणारा प्रत्येक माणूस मनात पूर्ण शिवी धरून बोलत नाही, आणि तरीही शिक्षकांसमोर जीभ आवरतो. परक्या भाषेत ही जीभ आवरण्याची सवय अंगी मुरलेली नसते. म्हणून मी विद्यार्थ्यांना वहीत नुसता अर्थ लिहू देत नाही. प्रयोग कोणी केला, कोणाला उद्देशून केला, त्या वेळी तिसरे कोण हजर होते आणि ऐकणारा हसला की नाही, हेही ते लिहितात. मराठीसाठीही कोणीतरी हे करायला हवे, असे मला मनापासून वाटते. 1932 ते 1938 या काळात दाते आणि कर्वे यांनी याच शहरात महाराष्ट्र शब्दकोशाचे प्रचंड काम केले, त्यात बोलींतले आणि व्यवसायांतले शब्द घेतले. 'पोपट होणे', 'कल्टी मारणे', 'झोल', 'सूममध्ये', 'भेंडी' हे शब्द केव्हा आले, कोणत्या कट्ट्यावरून आले, याच्या नोंदी आज ठेवल्या नाहीत तर शंभर वर्षांनी आपल्याही शब्दांमागे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' यासारख्या कहाण्याच उरतील.

सगळेच प्रयोग टिकत नाहीत. 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या तरुण-तरुणींनी 'सर्वोत्तम' या अर्थाने प्राण्यांच्या अशक्य अवयवांची आणि कपड्यांची एक मोठी मालिका रचली होती: मांजराचा पायजमा, सापाचे नितंब, हत्तीच्या भुवया, ईल माशाचे घोटे. ऐकणाऱ्याने चित्र डोळ्यांसमोर आणावे आणि हसावे, एवढाच हेतू. हत्तीच्या भुवया आणि ईलचे घोटे आज कोणी म्हणत नाही. मांजराचा पायजमा क्वचित ऐकू येतो. 'द बीज नीज', मधमाशीचे गुडघे, मात्र अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना अजून जिवंत आहेत, आणि मला वाटते की त्याचे श्रेय अर्थापेक्षा कानाला द्यावे लागेल, कारण त्या साऱ्या मालिकेत 'बीज' आणि 'नीज' यांच्याइतके सोपे आणि स्वच्छ यमक दुसऱ्या कोणत्याच जोडीत नव्हते.